ते कुणाचं ऐकतंय

रोह्याजवळ वरसे गावात लाइट गेली की हैबतरावांचा भाव वधारतो. दिवे असताना घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नाही. टीव्ही बोलतो, मोबाइल बोलतात, आणि हैबतराव सुपारी कातरत बसतात. त्या रात्री सव्वानऊला ट्रान्सफॉर्मर उडाला, पुतणे आणि सुना चटया घेऊन गॅलरीत आल्या, आणि पस्तीस वर्षं रोह्यात औषधांचं दुकान चालवलेल्या माणसाला एकदम गिऱ्हाईक मिळालं.

थोरला पुतण्या महिपती कंपनीत यंत्रांच्या देखभालीला आहे. शिफ्टवरचं काहीतरी सांगता सांगता तो म्हणाला की यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. हैबतरावांचा अडकित्ता थांबला.

"दिनानाथपण हेच म्हणायचा," ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोने, विमलबाईंनी, ताबडतोब विचारलं, ती गोष्ट आजच कशाला, सुना बसल्यात तिथे. हैबतराव म्हणाले, सुनांनीच ऐकायची आहे. आणि ही काय कुणी रचलेली गोष्ट नाय. दिनानाथने स्वतःच्या तोंडाने सांगितली, दुकानाच्या मागच्या खोलीत, सकाळी सात वाजता. चहा पुढे ठेवला होता तो त्याने घेतला नाही. उभ्या जन्मात फुकटचा चहा त्याने तेवढा एकच सोडला असेल.

दिनानाथ म्हणजे डॉक्टर दिनानाथ. पेणला शाळेत हैबतरावांच्याच बाकावर. पाठांतर असं की मास्तर जिथे खोकले तिथे हा पेपरात स्वल्पविराम द्यायचा. समजलं का रे, असं मात्र त्याला कुणी विचारलं नाही. एवढे मार्क बघून तो प्रश्न उद्धट वाटायचा. पुढे डॉक्टर झाला, रोह्यातल्या एका बाळंतपणाच्या डॉक्टरांची मुलगी केली, आणि सासऱ्यांचं आठ खाटांचं प्रसूतिगृह आयतंच पदरात पडलं. आठ खाटांबरोबर आणखी एक वस्तू आली, ती त्याला नको होती. नर्स कृष्णाबाई.

कृष्णाबाई जवळच्या निडी गावच्या. त्या दवाखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. बाकीच्या नर्सा पंजाबी ड्रेसवर आल्या तरी ह्यांची पांढरी साडी सुटली नाही. त्यांची एक रीत होती. खाटेला स्टूल लावून बसायच्या, पोटावर लाकडी नळी, नळीला कान, आणि डावा हात बाळंतिणीच्या मनगटावर. इकडे बाळाचे ठोके, तिकडे आईची नाडी, दोन्ही एकदम मोजायच्या. रात्रभर मनगट सोडायच्या नाहीत. सासऱ्यांनी कधी कारण विचारलं नाही. बाळं रडत बाहेर येत होती, त्यांना तेवढं पुरे होतं. जावयाला मात्र ते बघून हसू फुटायचं. पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणायचा, कृष्णाबाई, हात बघताच आहात तर आमचंही भविष्य सांगून टाका. नातेवाईक हसायचे. डॉक्टर हसला की हसावं लागतं. कृष्णाबाई मोजत राहायच्या.

मग दोन हजार दहा साली दिनानाथने यंत्र आणलं. सीटीजी. पोटाला दोन पट्टे बांधायचे. एक पट्टा बाळाचं हृदय ऐकतो, दुसरा आईच्या कळा मोजतो, आणि यंत्रातून कागदाची पट्टी निघत राहते. वरच्या अंगाला बाळाची रेघ, खालच्या अंगाला कळांचे डोंगर. आठवडाभर रोह्यातली मोठी माणसं ते बघायला येऊन गेली. पोट बांधून कोण निजलंय ह्याकडे कुणी बघितलं नाही, कागद सगळ्यांनी बघितला. त्याच आठवड्यात दिनानाथने कृष्णाबाईंना घरी बसायला सांगितलं.

त्यांनी वाद घातला नाही. पिशवी उचलली, यंत्राकडे थोडा वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "साहेब, ते कुणाचं ऐकतंय, तेवढं आधी बघत जा."

हे वाक्य दिनानाथला इतकं आवडलं की पुढे वर्षभर त्याने ते जेवणाच्या पंगतीत, लग्नात, बँकेच्या रांगेत नक्कल करून सांगितलं. पट्टा बाळाचं सोडून आणखी कुणाचं ऐकणार म्हणे! पुढच्या आषाढात कृष्णाबाई निडीला वारल्या. दवाखान्यातले सगळे जाऊन आले. दिनानाथला ओपीडी होती.

"आता तारीख नीट ऐका," हैबतराव म्हणाले. "चोवीस नोव्हेंबर दोन हजार अकरा. गुरुवार. कार्तिकातली अमावास्या दुपारीच लागली होती."

त्या दिवशी दिनानाथ एका कामासाठी पेणला गेला होता. काम म्हणजे व्याख्यान. तालुक्यातल्या नर्सांना सीटीजीचा कागद कसा वाचावा ते शिकवायचं होतं. हैबतरावांचं पेणला काही काम होतं म्हणून तेही गाडीतून गेले आणि मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकून आले.

बोलला झकास. बाळाची रेघ खाली बुडाली म्हणून लगेच घाबरायचं नाही, म्हणाला, कधी बुडाली ते बघायचं. कळ चढताना बुडाली आणि कळेबरोबरच वर आली, तर बाळाचं डोकं दाबलं जातंय, चालायचं. कळ असो नसो, कधीही बुडते, तर नाळ कुठेतरी चेपतेय, लक्ष ठेवा. पण कळ ओसरायला लागल्यावर बुडाली, वर यायला रेंगाळली, आणि दर कळेला तसंच होऊ लागलं, तर आत बाळाचा दम संपत आलाय. तिथे मिनिट घालवायचं नाही. सगळं बिनचूक. पाठच होतं ना. शेवटी मंडळी कंटाळलेली दिसली तेव्हा त्याने कृष्णाबाईंची नक्कल केली. मनगट धरून, कान तिरका करून, मान डोलवत. सभागृह हसलं. आयोजकांनी शाल आणि श्रीफळ दिलं.

नागोठण्याच्या फाट्यावर चहा झाला, हैबतराव रोह्यात उतरले, आणि दिनानाथ शाल तशीच खांद्यावर ठेवून दवाखान्यात शिरला. आठ वाजले असतील.

तिथे पुतळी आली होती. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. सासर हमरापूरला, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून निडीला आलेली. बरोबर आई, धोंडुबाई. कळा संध्याकाळपासून होत्या, पण सावकाश. दिनानाथने तपासलं, वेळ आहे म्हणाला, आणि वर जेवायला गेला.

रात्रपाळीला इंदुबाई होत्या. नऊ वर्षं कृष्णाबाईंच्या हाताखाली काम केलेल्या. साडेअकराला त्यांनी पट्टे बांधले. रेघ छान होती. एकशे चाळीसच्या आसपास, बारीक बारीक हलणारी. धोंडुबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या बाकावरून उघड्या दारातून खाटेची एक बाजू दिसत होती.

पाऊण वाजता इंदुबाईंनी डॉक्टरांना खाली बोलावलं. त्यांनी कागद हातावर पसरून दाखवला. खाली कळेचा डोंगर, आणि डोंगर उतरला की वरच्या रेघेत खड्डा. पुढचा डोंगर, पुढचा खड्डा. चार वेळा.

"सर, कळ ओसरल्यावर पडतोय."

"इंदुबाई," दिनानाथ म्हणाला, "व्याख्यान मी देऊन आलोय, तुम्ही नाही."

त्याच्या मते पट्टा सरकला होता. नवशिक्या बाया कागदात खड्डा दिसला की घाबरतात. पण पट्टा सरकला तर रेघ तुटते, अशी खड्ड्यासारखी गोल उतरत नाही. हे दुपारी त्यानेच सांगितलं होतं, उदाहरणासकट. आता झोप डोळ्यावर होती आणि सांगणारी नर्स होती. त्याने पट्टा सोडला, पट्ट्याखालची ऐकणारी वाटी पोटाच्या वरच्या अंगाला सरकवली, इकडे तिकडे फिरवली, आणि रेघ परत आली. भक्कम. एकशे अठ्ठावीस. तेवढ्यात कळ आली तर रेघ वर चढली, कळ गेली तशी खाली आली.

"बघा," तो म्हणाला. "कळ आली की बाळ कसं उसळतंय. तब्येतीत आहे."

इंदुबाई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीत आदल्या दिवशीच्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला आणि त्या तिकडे धावल्या. दिनानाथने तिथे इंजेक्शन दिलं, इंदुबाईंना तिच्याजवळच थांबायला सांगितलं, आणि केबिनमधल्या खुर्चीत शाल ओढून पडला. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येत होता. टुक टुक टुक टुक. एकसारखा. अशा आवाजावर चांगली झोप लागते.

"थांबा जरा," महिपती मध्येच म्हणाला. "वाटी वर कशाला सरकवली? बाळ खाली येत असतं ना?"

"तुला कळलं," हैबतराव म्हणाले. "तुला कुणी शाल दिली नाय म्हणून कळलं."

दोन वाजायला वीस मिनिटं होती. केबिनच्या दारात धोंडुबाई उभ्या होत्या.

त्यांची तक्रार नव्हती, शिफारस होती. त्या म्हणाल्या, "डाक्टर, त्या बाईला घोटभर चा तरी द्या. कवापास्नं बसलीय."

कोण बाई, म्हणून दिनानाथने डोळे न उघडता विचारलं.

"म्हातारी. पांढऱ्या साडीतली. एक वाजल्यापास्नं पोरीचा हात धरून बसलीय, जागची हलली नाय." मग त्यांना राहवलं नाही. "तुमी येता न् कागद बघता. ती पोरीकडं बघते."

दिनानाथ उठला तो संतापून. रात्री कुणीही बाई उठून आत येते, म्हणजे काय हे. शेजारच्या खोलीत डोकावून त्याने इंदुबाईंना झापलं, कुणाला आत सोडलंत. इंदुबाई म्हणाल्या, कुणालाच नाही, मी इथून उठलेच नाही. मग त्याने म्हातारी, पांढरी साडी, असं काहीतरी म्हटलं. इंदुबाईंच्या हातातली कापसाची गुंडाळी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. दाराशी उभ्या असलेल्या धोंडुबाईंकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या हाताने धरलंय?

"डाव्या," धोंडुबाई म्हणाल्या.

"सर, तुम्ही जा," इंदुबाई म्हणाल्या. "आत्ता जा."

तो गेला.

खोलीत कुणी नव्हतं.

खाट, पुतळी, सलाइनचा स्टँड, यंत्र. खाटेला लागून स्टूल. स्टूल रिकामं. ट्यूबलाइट चालू होती, पंखा बंद. थंडीचे दिवस. इतकी थंडी मात्र रोह्यात कधी पडत नाही.

यंत्र चालू होतं. टुक टुक टुक टुक. रेघ सुरेख.

दिनानाथला बरं वाटलं. धोंडुबाईंना कमी दिसत असेल, बाहेर बसून भलतंच काहीतरी बघितलं असेल. तो पुतळीजवळ गेला. तिचे डोळे मिटलेले. दोन कळांमधली ग्लानी. केस कपाळाला चिकटलेले. उजवा हात पोटावर.

डावा हात...

डावा हात खाटेच्या कडेबाहेर होता. पण लोंबत नव्हता. गादीच्या चार बोटं वर, हवेत, अलगद पडून होता. बोटं सैल. कोपर सैल. दुसऱ्याच्या मांडीवर टाकलेला हात जसा दिसतो, तसा.

खाली मांडी नव्हती.

दिनानाथ म्हणाला, हात खाली घे, सलाइन निघेल.

"मी नाय धरला," पुतळी डोळे न उघडता म्हणाली. "बाईंनी धरलाय. गार हात हाय त्यांचा. बरं वाटतं."

त्याने तो हात खाली दाबला.

हात खाली गेला नाही.

तिने जोर लावला होता असं नव्हे. हाताला जोरच नव्हता, झोपलेल्या माणसाचा हात. पण कुणीतरी खालून हलकेच, न रागावता, जागच्या जागी धरून ठेवला होता.

बाहेर धोंडुबाईंच्या बांगड्या वाजल्या. मग त्याही थांबल्या.

पळून जावं, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने हैबतरावांना प्रामाणिकपणे सांगितलं. पण पळायचं तर आधी हात काढायला हवा होता, आणि तो निघेना. त्याची बोटं पुतळीच्या मनगटावर होती. नाडीवर. गेल्या दहा वर्षांत त्याने कुठल्या बाळंतिणीची नाडी हाताने बघितली नव्हती.

ठप् ठप् ठप् ठप्.

आणि यंत्रातून... टुक टुक टुक टुक.

ठप्. टुक. ठप्. टुक.

एकदमच.

योगायोग असेल. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता, एकशे बत्तीस. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोटांखालचे ठोके मोजले. पंधरा सेकंदांत तेहतीस.

कळ आली. पुतळी कण्हली. बोटांखालची नाडी धावू लागली. एकशे अडतीस... एकशे बेचाळीस... आकडा वर. नाडी वर. कळ गेली. नाडी उतरली.

रेघ उतरली.

यंत्र आईचं ऐकत होतं.

तासभर. पाऊण तासाहून जास्त. कागदावर जे सुरेख, भक्कम, तब्येतीतलं बाळ उसळत होतं, ती पुतळी होती. आणि बाळ...

कृष्णाबाईंचं ते वाक्य त्याने वर्षभर इतक्या जणांना ऐकवलं होतं.

त्याने पट्टा ओढून सोडला. वाटी खाली आणली. खूप खाली, डाव्या अंगाला. यंत्र गप्प झालं. नुसती खरखर. आणखी खाली. खरखर. वाटी निसटली, परत धरली.

खरखर.

खरखर...

टुक.

.......

टुक.

एवढ्या वेळात माणूस एक घास गिळेल.

टुक.

सत्तर. कळ येऊन गेली तसा साठ. साठावरून वर येईना.

दिनानाथ ओरडला. इंदुबाई दारातच होत्या. पुढची वीस मिनिटं काय झालं ते हैबतरावांना नीट सांगता येत नाही, कारण दिनानाथलाही आलं नाही. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं, बाळाचं डोकं खाली उतरलं होतं, तेवढं एक नशीब. शस्त्रक्रिया करायची तर भूल देणारा डॉक्टर पेणहून यायचा, आणि तेवढा वेळ पोटात शिल्लक नव्हता. त्याने डोकं ओढून घ्यायचा व्हॅक्यूम लावला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा धरला. इंदुबाई पुतळीच्या कानाशी एकच सांगत होत्या, जोर लाव गो, आता नको थांबूस.

दोन वाजून अकरा मिनिटांनी बाळ आलं. मुलगी. निळी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. हात-पाय ओल्या फडक्यासारखे. रडली नाही.

इंदुबाईंनी तिला पुसलं, चोळलं, नाकातोंडातून चिकट काढलं, फुग्याने श्वास दिला. एक मिनिट. दोन. धोंडुबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

तिसऱ्या मिनिटाला पोरीने तोंड वाकडं केलं. मग शिंकली. मग रडली, आणि रडली ती अशी की शेजारच्या खोलीतलं बाळही उठलं.

गॅलरीत कुणीतरी सुस्कारा सोडला. विमलबाई केव्हाच येऊन दाराला टेकल्या होत्या. हैबतरावांनी सुपारीची खांडं तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

पहाटे दिनानाथ शुद्धीवर आला. शुद्धीवर म्हणजे त्याच्या नेहमीच्या. सहा वाजता हमरापूरहून जावई आला, त्याला ह्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की यंत्र होतं म्हणून वेळेवर कळलं, नाहीतर बाळ हातचं गेलं होतं. जावई पाया पडला. धोंडुबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नातीला पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, मशीन रातभर समदं बरं हाय म्हनत व्हतं. मग त्या म्हाताऱ्या बाईंची ओटी भरायची आहे, त्या कुठे भेटतील, असं विचारू लागल्या. दिनानाथ म्हणाला, त्यांची ड्युटी संपली, गेल्या.

त्यानंतर तो एकटाच त्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. कागद यंत्राच्या पुढे घड्या होऊन पडला होता. त्याला एकच काम करायचं होतं. एक ते दोन वाजेपर्यंतचा तुकडा फाडून टाकायचा, म्हणजे पाऊण वाजताचे खड्डे आणि थेट दोन वाजताचं यश एवढंच फायलीत राहील. तुकडा त्याने फाडला. पण चुरगळायच्या आधी सवयीने त्यावर नजर टाकली.

सात वाजता हैबतराव दुकानाचं शटर उचलत होते. दिनानाथ समोर उभा. खांद्यावर अजून शाल. हातात पाकीट. मागच्या खोलीत बसून त्याने सगळं सांगितलं आणि पाकीट पुढे सरकवलं. जाळायला हात धजत नाही, म्हणाला, आणि घरात ठेववत नाही. तू ठेव. उघडू नकोस.

"आणि तुम्ही नाही उघडलंत," महिपती म्हणाला.

"तो कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. एवढी मैत्री पाळली."

पुढे तीन वर्षं दिनानाथने दवाखाना चालवला. बाळंतीण आली की आधी मनगट धरायचा आणि बाळ होईपर्यंत सोडायचा नाही. मग सगळं विकून पेणला गेला. आता तिथे कुठल्या कुठल्या मंडळांत व्याख्यानं देतो. त्यात अजूनही यंत्रानेच बाळ वाचवलेलं असतं. गेल्या वर्षी त्याला आणखी एक शाल मिळाली.

एवढं सांगून हैबतराव उठले, चाचपडत आत गेले, आणि कपाटातून एक तपकिरी पाकीट घेऊन आले. ते त्यांनी महिपतीच्या हातात दिलं. महिपतीने मोबाइलची बॅटरी लावली. आत घडी घातलेला लांब कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याने तो चटईवर उलगडला आणि हसला.

"काका, कोरा आहे हा."

"कोराच असणार. तुमचा यंत्राचा कागद ना. एटीएमच्या चिठ्ठीसारखा. रेघा पाच-सहा वर्षांतच उडून गेल्या. तिरपा धर."

महिपतीने बॅटरी कागदाला समांतर धरली. मग तो वाकला. वरच्या समासात आकडे होते. पेन्सिलीचे, बारीक, वळणदार मराठी आकडे, ठरावीक अंतरावर. प्रत्येक ठिकाणी आधी वेळ, मग 'आई', मग 'बाळ'.

तो वाचू लागला. एक पाच. आई एकशे अठ्ठावीस, बाळ एकशे छत्तीस. एक पंधरा. आई एकशे तीस, बाळ एकशे सोळा. एक पंचवीस. आई एकशे तीस, बाळ एकशे दोन. एक पस्तीस. आई एकशे चौतीस, बाळ अठ्ठ्याऐंशी.

"हे त्या इंदुबाईंनी लिहिलं असणार," तो थांबून म्हणाला.

"ती एक वाजल्यापासून शेजारच्या खोलीत होती. आणि पट्टा आईचं ऐकत होता, तर बाळाचा आकडा तिला कुणी सांगितला?" हैबतरावांचा आवाज अगदी साधा होता. "दिनानाथने तिलाच विचारलं पहिल्यांदा. तिने आकडे बघितले आणि कागदाला हात लावायला नकार दिला. बरं, शेवटचं वाच."

महिपतीने बॅटरी पुढे सरकवली.

"एक बावन्न," तो म्हणाला. "आई एकशे बत्तीस. बाळ सत्तर."

मग त्याने बॅटरी आणखी खाली आणली.

"वाच ना," विमलबाई म्हणाल्या.

"आणखी एक आहे. खाली." त्याने कागद जवळ घेतला. "डॉक्टर... एकशे चौसष्ट."

त्या आकड्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या होत्या.